गोल कोपऱ्यांच्या पट्ट्या

चष्मा विसरले नसते तर यातलं काहीच घडलं नसतं, असं मी अजून स्वतःला सांगते. ते काही खरं नाही. पण माणसाला दोष द्यायला एखादी वस्तू लागते, आणि चष्मा बिचारा उलटून बोलत नाही.

झालं असं, की आदल्या दिवशी मी भाचीकडे जेवायला गेले होते आणि वाचायचा चष्मा तिच्याच टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशी ती तो द्यायला माझ्या दवाखान्यात आली, नेमकी जेवणाच्या सुट्टीत. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, वय वर्षं तेवीस. लहानपणी सतत पेन्सिली कुरतडायची म्हणून तिचं नाव खारू पडलं, ते अजून चालू आहे.

मी कर्करोगाच्या रुग्णांना किरणांचा उपचार देणारं मशीन चालवते. आमची खोली तळघरात आहे. भिंती इतक्या जाड की बाहेर बँडबाजा वाजला तरी आत पत्ता लागायचा नाही. खिडकी नाही. भर दुपारी दिवे मालवले तर स्वतःचा हात दिसत नाही. मशीन बंद असलं तरी त्याला थंड ठेवणारा पंप घुरघुरत राहतो, आणि स्पिरिटचा वास कपड्यांतून पार घरापर्यंत येतो. उपचार चालू असताना रुग्ण आत एकटाच असतो. आम्ही बाहेर बसून पडद्यावर त्याला बघतो. त्याच्याशी बोलायचं तर बाहेरच्या टेबलावरचं बटण दाबून धरायचं. मग आतल्या स्पीकरवर लाल दिवा लागतो आणि आमचा आवाज आत पोचतो. बटण दाबल्याशिवाय पोचत नाही. एवढं लक्षात ठेवा.

किरण रोज त्याच जागी पडावेत म्हणून आम्ही रुग्णाच्या अंगावर तीन ठिपके गोंदतो. छातीचा उपचार असेल तर एक मधोमध आणि दोन कुशींवर. तिळाहून लहान, पण कायमचे. दिवे मालवले की भिंतींतून हिरव्या रेषा निघतात. त्या ठिपक्यांवर बरोबर येईपर्यंत माणसाला सरकवायचं. ठिपका दोन बोटं चुकला तर किरणही दोन बोटं चुकणार.

एवढ्याशा ठिपक्यावरून लोक काय काय करतात! दोन्ही दंडांवर वाघ मिरवणारा एक ट्रकवाला माझी सुई बघून भोवळ येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "बाई, वाघ मी हौसेने काढून घेतले. हे तुम्ही काढताय." मला ते पटलं. एका मुलीला ठिपक्याऐवजी बदाम हवा होता. एका आजोबांनी तीनतीनदा विचारलं, "कायमचं आहे का हो?" मी म्हटलं, "आजोबा, आपण तरी कुठे कायमचे आहोत?" ते पोट धरून हसले. मी अशीच आहे, तोंडाची फटकळ. पण बारा वर्षांपूर्वी माझी ताईच त्या टेबलावर येऊन झोपली आणि माझी बोलतीच बंद झाली.

ताई शाळेत शिकवायची. खडूची धूळ खाऊन खाऊन तिला एक कोरडा खोकला जडला होता. दोनदा आखूड, मग एकदा लांब. जिन्यात ऐकू आला की वर्ग चिडीचूप व्हायचा.

तिने ठिपके गोंदवायला साफ नकार दिला. कारण मला माहीत होतं. पंधराव्या वर्षी तिने शिवणाची सुई आणि शाई घेऊन स्वतःच्या मनगटावर एका मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर गोंदलं होतं. बाबांनी तिचा हात धरून ते विटेच्या तुकड्याने घासलं. कातडी गेली, अक्षर राहिलं. तेव्हापासून ती त्यावर रुंद पट्ट्याचं घड्याळ बांधायची.

"एकदा अंगावर लिहिलं ते तीस वर्षं लपवतेय," ती म्हणाली. "आता पुन्हा नाही. पेनने काढायचं तर काढ."

नियम गोंदायचाच होता. पण थोरल्या बहिणीपुढे माझा नियम कुठला चालायला! मी काळ्या मार्करने खुणा केल्या आणि वर पारदर्शक चिकटपट्ट्या लावल्या. कपड्यात अडकू नयेत म्हणून पट्ट्यांचे कोपरे कात्रीने गोल कापले. हे मी दुसऱ्या कुणासाठी कधी केलं नाही. पट्टी निघाली तर हात लावू नकोस, आधी मला सांग, असं मात्र तिला चांगलं बजावलं.

उपचार पंचवीस दिवसांचा होता. आठवड्यातून एकदा एक्स-रेची फिल्म काढून जागा पडताळायची असते. तिसऱ्या आठवड्यात मी ती काढलीच नाही, कारण खुणा डोळ्यांना दिसत होत्या आणि बाहेर गर्दी होती. चौथ्या आठवड्यात काढली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. खुणा दोन बोटं वर होत्या. पुसलेल्या खुणा कुणीतरी पुन्हा काढल्या होत्या. ताईनेच काढल्या असणार, मला बोलणी बसू नयेत म्हणून. मी गुपचूप त्या जागेवर आणल्या आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. ताईजवळसुद्धा नाही.

सव्वा वर्षाने ताई गेली. डॉक्टर म्हणाले, आजार आधीच पसरला होता, कुणाच्या हातात काही नव्हतं. त्यांना खुणांचं माहीतच नव्हतं.

तर त्या दुपारी खारूने चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, मला टॅटू काढायचाय."

"काढ की. मोर काढ, नाहीतर माकड काढ. शोभेल तुला."

"चेष्टा नको गं. मला आईचे ठिपके हवेत. तीन. आणि तूच काढायचेस."

मी चष्मा पुसत राहिले.

"लोक फुलं काढतात, नावं काढतात," ती म्हणाली. "मला आई आठवते ती ठिपक्यांसकट. बाकी सगळी फोटोंतून आठवते. तिचा आवाज तर आता आठवतच नाही मला. तेव्हा ते पुसले जायचे. आता पुसले जायला नकोत."

"पुसले जायचे?"

"मग! आंघोळीनंतर मीच तर काढून द्यायचे. आई आरशासमोर बसायची, मी पट्टी सोडवायची, ठिपका द्यायचा, पट्टी परत लावायची. आई म्हणायची, मावशीला सांगू नकोस, रागावेल ती." खारू हसत होती. "अकरा वर्षांची होते, पण हात असा थरथरू द्यायचे नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीट केलेलं काम असेल ते."

बसलेल्या माणसाची कातडी खाली ओघळते आणि आडवं झालं की वर सरकते. बसवून काढलेला ठिपका टेबलावर दोन बोटं वर जाणारच. हे मला माहीत. अकरा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? बारा वर्षं मी मनातल्या मनात ताईशी भांडत होते, की का गं हात लावलास खुणांना. आणि तो हात या पोरीचा होता. समोर उभी राहून ती मला अभिमानाने सांगत होती.

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. कारण दिलं तर हे पोर आयुष्यातून उठणार. आणि न सांगता, चुकीच्या जागेवर, माझ्याच सुईने ते तिच्या अंगावर कायमचं गोंदायचं? तेही मला जमणार नव्हतं. एकदा वाटलं, सांगूनच टाकावं. आपली फिल्म राहिली, तेही सांगावं. अंधारात सांगणं सोपं जातं, तोंड दिसत नाही.

म्हणून मी तिला आत नेलं. बटणाचं टेबल असलेल्या बाहेरच्या खोलीच्या दाराला स्वतः आतून कडी घातली. ती टेबलावर आडवी झाली, तिने शर्टाची बटणं सोडली. मी सुईचं पाकीट हातात घेतलं आणि दिवे मालवले. हिरव्या रेषा उमटल्या. ताईच्या खुणा जिथे असायच्या तिथेच त्या येतील असं मी सवयीने टेबल सरकवलं. पंप घुरघुरत होता.

"इथे," खारूने छातीवर बोट ठेवलं. "मला पक्कं आठवतंय."

बोट रेषेच्या दोन बोटं वर होतं.

"खारू, ऐक," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "त्या खुणांचं… एक सांगायचं राहिलंय तुला…"

स्पीकर खरखरला. वर लाल दिवा लागला.

बाहेर कुणीतरी बटण दाबलं होतं. बाहेर कुणीही नव्हतं.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग खोकला. दोनदा आखूड… मग एकदा लांब. पाठोपाठ खडूचा कोरडा वास आला, इतका जवळून की माझ्या नाकात झोंबला.

"नको…" स्पीकरमधून आवाज आला. अगदी हळू. "तिला नको सांगूस…"

मी टेबलाची कड धरली.

"शिपाईमामा आहेत का गं बाहेर?" खारूने विचारलं. "काय बोलतात काही कळत नाही. खोकला झालाय वाटतं."

लाल दिवा विझला. हिरव्या रेषेखाली काहीतरी हललं, म्हणजे मला तसं वाटलं. खारूने एकदा हलकेच "स्स्" केलं. मग आणखी दोनदा.

"झालंसुद्धा?" ती म्हणाली. "केवढा हलका हात आहे तुझा! आणि थंडगार."

मी भिंतीला चाचपडत दिवे लावले. तिच्या छातीवर मधोमध एक काळा ठिपका होता आणि दोन कुशींवर दोन. खारूच्या बोटाच्या जागी नाही, त्याच्या दोन बोटं खाली. बरोबर रेषेवर. ताईच्या पहिल्या दिवशी मी खुणा केल्या होत्या, अगदी तिथे. मी स्पिरिटचा बोळा घेऊन घासलं. पुन्हा घासलं. ठिपके गेले नाहीत.

सुई माझ्या डाव्या हातात होती. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

बाहेर येऊन पाहिलं. दाराची कडी आतून तशीच घातलेली होती. बटणावर पांढरी भुकटी होती, बोटाच्या पेराएवढी. खारूने "थँक्यू मावशी" म्हणत मला मिठी मारली आणि आरशात बघायला पळाली. जागा बदलल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

मी तिला काही सांगितलं नाही. आता सांगणारही नाही. ताईने लेकीची चूक दुरुस्त केली, पोरीला सांभाळून घेतलं, असं मी मनाला समजावते आणि दिवसा ते पटतंही. पण मी हे काम चोवीस वर्षं करतेय. त्या जागी, इतके बरोबर ठिपके कुणाला आठवण म्हणून देत नाहीत. पुढे उपचार करायचा असतो, म्हणूनच देतात.

दर सहा महिन्यांनी मी खारूला ओढून तपासणीला आणते. डॉक्टर म्हणतात, "काही नाही हो, धडधाकट आहे. उगाच का पोरीच्या मागे लागता?" खरंच काही निघत नाही. मागच्या खेपेला ती गाऊन बदलत असताना मी सहज वळून पाहिलं, तर तिन्ही ठिपक्यांवर पारदर्शक चिकटपट्ट्या होत्या. कोऱ्या, नुकत्या लावलेल्या. कोपरे गोल कापलेले.

"या कुणी लावल्या?" मी विचारलं.

"तूच की!" ती हसली. "मी अर्धवट झोपेत असते, पण कात्रीचा आवाज येतो ना मला. आणि मावशी, त्या खोकल्यावर काहीतरी औषध घे गं."

तिच्या घराची किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती.