दोन्ही काठांवरून सारखीच

मिस्टर इट्टूप यांची आणि माझी ओळख त्यांच्या टाचेने करून दिली.

ऑक्टोबर संपत आला होता. मणिमला नदी गढूळपणा टाकून पुन्हा हिरवी होऊ लागली होती, आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर, छातीभर पाण्यात उभी राहून मी श्वास रोखण्याचा सराव करीत होते. शेजारी कुणीतरी पालथं पडून विलक्षण जोमाने पाय झाडत होतं. त्या सगळ्या खटाटोपातून होणारी प्रगती मात्र उलट्या दिशेने होती. टाच माझ्या नाकावर बसली.

"माफ करा हं." पाण्यातून एक पांढरी मिशी वर आली. "मागचं बघायला आरसा नाही ना."

"पाय पुढे जाण्यासाठी असतात," मी नाक चोळत म्हणाले. "तुमचे नेमके कशासाठी आहेत?"

"आत्तापर्यंत नाचायला होते," ते म्हणाले, आणि हसले. नाक दुखत असताना समोरच्याने इतकं छान हसू नये.

साठी ओलांडलेल्यांना पोहायला शिकवणारा सोमन हा पन्नाशीचा, अतिशय सहनशील माणूस. त्याच्या वर्गात सर्वांत मागे पडलेले आम्ही दोघंच होतो, त्यामुळे त्याने आमची जोडी लावून दिली. माझं मत त्याने विचारलं नाही.

मी उभं आयुष्य शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. प्लवनाचा नियम फळ्यावर असंख्य वेळा सिद्ध केला. तो नियम माझ्या बाबतीत लागू व्हायला तयार नव्हता. मी पाठीवर पडले की आधी कंबर जाई, मग उरलेली मी. मिस्टर इट्टूप यांची कथा याहून लाजिरवाणी. हे गृहस्थ तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

"लाज नाही वाटली?" मी विचारलं.

"जहाज बुडू न देणं हे माझं काम होतं, टीचर. पोहायला शिकणं म्हणजे स्वतःच्या कामावर अविश्वास."

"मग आता का शिकताय?"

"आता जहाज नाही," ते म्हणाले. आणि मग लगेच, "शिवाय तुमच्यासारखी रागीट जोडीदार कुठल्याही बंदरावर भेटली नसती."

माझं कारण साधं होतं. नवरा गेल्यावर नदीकाठच्या घरात मी एकटी राहते. मोठ्या पुरात पाणी उंबरा ओलांडून आत आलं, तेव्हा मी माळ्यावर बसून रात्र काढली होती. ते आठवून मेलबर्नमधली माझी मुलगी जिलू अजून दचकून उठते. तिने कोट्टयमला वृद्धांसाठीच्या एका संकुलात खोली पाहून ठेवली होती. तिथे उशाशी बटण असतं. ते दाबलं की कुणीतरी धावत येतं.

"घराला मागच्या दाराशी नदी आहे, अम्मच्ची," ती फोनवर म्हणाली, "आणि तुला पोहता येत नाही. पाय घसरला तर?"

"आणि पोहता आलं तर?"

"नदी पार करून दाखव. पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट सामान बांधायचं. कबूल?"

कबूल केलं. फेब्रुवारीत ती सुटीवर यायची होती, आणि सोमनच्या वर्गाची नदी पार करण्याची फेरीही तेव्हाच होती.

मधले महिने मी रोज सकाळी वैतागले. मिस्टर इट्टूप पाण्यात बोलत. पाण्याबाहेर आल्यावर टाळूवर रास्नादि चूर्ण चोळत, आणि मलाही पुडी पुढे करीत.

"सर्दी होत नाही यानं."

"पुरावा?"

"मला झालीय का?"

"तुम्हाला लाजही झालेली नाही. ती पण चूर्णानेच गेली का?"

केळ्याची भजी खाऊन पोहायला येत. मी मान ताठ धरून बुडू लागले की जवळ येऊन म्हणत, "टीचर, पाण्यावर देखरेख करू नका हो. ते कॉपी करत नाहीये." एकदा त्यांनी न विचारता माझ्या मानेखाली हात धरला. "डोकं टाका मागे. कान बुडू द्या. मी आहे." मी रागाने डोकं मागे टाकलं... आणि तरंगले. कान पाण्याखाली गेल्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं. वर पहाटेचं आभाळ होतं आणि त्यात उलटा दिसणारा, हलणाऱ्या मिशीचा एक चेहरा. तो मला बरा वाटला. ही नोंद मी कुणाला सांगितली नाही.

फेरीच्या सकाळी जिलू पलीकडच्या काठावर टॉवेल घेऊन उभी होती. नियम एकच: बाजूने चालणाऱ्या होडीला हात लागला की फेरी बाद.

अर्धी नदी मागे पडली. माझी लय बसली होती. शेजारी मिस्टर इट्टूप अखंड बोलत होते, आणि मग अचानक म्हणाले, "टीचर... पाय."

दोनच शब्द. एवढं थोडक्यात बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. प्रकरण गंभीर असल्याचं मला त्यावरून कळलं. पोटरीत गोळा आला होता. चेहरा पांढरा पडला होता आणि हनुवटी पाण्याखाली जात होती.

"डोकं मागे," मी ओरडले. त्यांच्या मानेखाली हात घातला. "कान बुडू द्या. मी आहे."

"तुम्ही जा... तुमचं घर—"

"गप्प बसा हो एकदा तरी!"

सोमनने होडी आणली. तो एकटा त्यांना वर ओढू शकत नव्हता. खालून ढकलायचं तर मला दुसऱ्या हाताने काठाचा आधार हवा होता. होडीचा काठ धरताना मी काय गमावते आहे, ते मला पूर्ण ठाऊक होतं. मी तो घट्ट धरला.

पलीकडे पोहोचल्यावर जिलू आधी रडली, मग रागावली. "काय झालं असतं माहितेय?"

"झालं नाही, हेही माहितेय," मी म्हणाले.

मिस्टर इट्टूप पोटरी चोळत मान खाली घालून बसले होते. "माझ्यामुळे तुमचं घर गेलं."

"तुमच्यामुळे नव्हे, भज्यांमुळे." भज्यांनी पायात गोळा येतो याला कसलाही पुरावा नाही. तरी त्या घटकेला मी शास्त्राची बाजू सोडली.

मग मी नदीकडे पाहिलं. पलीकडे माझं कौलारू छप्पर दिसत होतं.

"जिलू, नदी पार करायची ठरलं होतं. कुठून कुठे, ते ठरलं होतं का?"

"म्हणजे?"

"नदीची रुंदी दोन्ही काठांवरून सारखीच असते."

सोमनने मला तासभर बसवून ठेवलं, नाडी पाहिली, मगच सोडलं. मी पाण्यात उतरले. होडी बाजूने निघाली. तीत सोमन, हातात टॉवेल आवळून बसलेली जिलू, आणि दुर्दैवाने आवाज परत आलेले मिस्टर इट्टूप.

"टीचर, मी विचार केला," त्यांनी वरून सुरुवात केली. "मला माझ्या मोठ्या घरात एकट्याला करमत नाही. तुमच्या घराला शेजार नाही. दोन अडचणी आहेत, उत्तर एकच. लग्न म्हणा, सोबत म्हणा... तुम्हाला पटेल तो शब्द घाला."

"अंकल, ती पोहतेय!" जिलू किंचाळली.

"म्हणूनच विचारतोय, पोरी. एरवी वाक्य पुरं करू देते का ती?"

मी तोंड वर काढलं. श्वास घेणं किंवा त्यांना गप्प करणं, यांतलं एकच शक्य होतं. मी श्वास घेतला.

"प्रेम वगैरे शब्द तुम्हाला चालणार नाहीत, ठाऊक आहे," ते म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "पण सकाळी तुमचा ओरडा खाल्ला नाही की... माझा दिवस सुरूच होत नाही. हे मी मोजून पाहिलंय."

हात दुखत होते. छातीत धाप होती, आणि धापेखाली आणखी काहीतरी होतं, ज्याला पाणी जबाबदार नव्हतं. या माणसाचा मला अतोनात राग येतो. आणि हा माणूस सकाळी आला नाही, तर माझी नजर रस्त्यावरून हटत नाही. दोन्ही निरीक्षणं पक्की होती.

बोटांना घाटाचा दगड लागला. होडीला मी शिवले नव्हते.

"अम्मच्ची!" जिलू हसत रडत उतरली. "नाही काढणार. खोलीचं नाव पुन्हा नाही काढणार."

मिस्टर इट्टूप होडीतच बसून होते. इतके महिने ज्यांच्या बडबडीला मी निर्धास्तपणा समजत होते, ते आता घाबरून माझ्याकडे पाहत होते.

"इट्टूप," मी म्हणाले. 'मिस्टर' पाण्यातच राहिलं होतं. "उतरा. चहा होईपर्यंत तोंड बंद ठेवून दाखवलंत, तर हो."

ते उतरले. पहिली पायरी चढले. दुसरी चढले.

"साखर घालता ना चहात?"

प्रयोग सपशेल फसला. निष्कर्ष मी बदलला नाही.