तिरका दात

टक्, टक्, टक्.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या याउ मा तेइ वस्तीतल्या एका चहाघरात. बारा वर्षांची एक पोर चमच्याने पेल्यावर तीनदा वाजवायची आणि मग सूर लावायची. शेजारी बाप सारंगीसारखं वाद्य घेऊन बसलेला. पुढे पोरीच्या रेकॉर्डी निघाल्या, रस्त्यावर दुमजली उंचीची चित्रं लागली, ती सिनेमात आली. चमचा गेला, बोटात अंगठी आली. मग ती अंगठीने थर्मासच्या झाकणावर वाजवायची. यिप सुट-मान तिचं नाव. मी स्टुडिओत सामानसुमान सांभाळायचो. मला ती काका म्हणायची.

एका सिनेमात तिचं मरण होतं. भिंतीवर काळी फीत लावलेला तिचा फोटो हवा होता. तो मीच काढला. काढताना काहीतरी बोललो आणि ती खळखळून हसली. तिचा डावीकडचा तिरका दात दिसला. रेकॉर्ड कंपनीवाले तिला ओठ मिटूनच हसायला लावायचे, त्यामुळे तो दात कुठल्याच चित्रात नव्हता.

"काका, मेल्यावर बरी दिसते की मी!"

"थुंक आधी! थुंक आणि नीट बोल."

ती थुंकली, पुन्हा हसली. मेलेल्याचं काम करणाऱ्याला आमच्याकडे लाल पाकिटात पैसे देतात, ते त्याच दिवशी उडवायचे असतात. तिने सगळ्यांना अंड्याचे टार्ट मागवले. तो फोटो मात्र सामानवाल्याने सूर्य मावळायच्या आत जाळायचा. जिवंत माणसाचा तसला फोटो ठेवत नाहीत.

संध्याकाळी तिने विचारलं, "जाळलात ना?"

"हो," मी म्हणालो.

फोटो माझ्या पेटीत होता. ते हसू जाळायला हात धजावला नाही.

वर्षभरात तिचा घसा बसला. आधी वाटलं दगदग. मग इस्पितळ, मग ऑपरेशन. मी भेटायला गेलो तेव्हा आवाज उरलाच नव्हता. तिने पाटीवर लिहिलं, 'काका, नक्की जाळला होता?'

खरं सांगायला तीच वेळ होती. घरी जाऊन तासाभरात जाळता आला असता. पण तिच्या डोळ्यांकडे बघून मला खोटं कबूल करवेना. मी 'हो' म्हणून मान डोलावली. तिने पाटी पुसली आणि बोटाने खाटेच्या दांडीवर हळूच वाजवलं... तीनदा. सूर काही आला नाही.

सोळा दिवसांनी ती गेली. एक्केचाळीस वर्षांची. अंत्यविधीला घरच्यांनी ओठ मिटलेला फोटो लावला होता.

त्याला एकवीस वर्षं झाली. यंदा छिंग मिंगला, आम्ही आमच्या मेलेल्यांसाठी कागद जाळतो त्या दिवशी, मी जिन्याच्या वळणावर पत्र्याचा डबा पेटवला. भर दुपार होती. समोरच्या फुंग काकूंनी दार उघडलं.

"अहो सिंगदादा, तुमच्या पितरांना कपडे पोचतील, पण माझ्या कपड्यांना किती धूर! आमच्या मजल्यावर कशाला? गच्चीत जा की!"

"गच्चीला कुलूप आहे काकू. दहा वर्षं झाली, किल्ली हरवलीय."

बडबडत त्यांनी दार लावून घेतलं. मी कागदी कपडे टाकले, कागदी थर्मास टाकला. मग तो फोटो काढला. धुरात अचानक औषधी काढ्याचा वास आला, ती थर्मासात न्यायची तसला...

टक्, टक्, टक्.

लोखंडी कठड्यावर. दोन पायऱ्या वर ती उभी होती. ओठ मिटलेले.

"काका..." आवाज अगदी बारीक, चहाघरातला. "जाळलात ना?"

"नाही पोरी," मी म्हणालो. "तेव्हाही नाही. तू इस्पितळात विचारलंस तेव्हाही नाही. मी खोटं बोललो..."

तिने हात पुढे केला. मी फोटो उचलून धरला. तिने घेतला नाही. नुसतं एक बोट फोटोवरून फिरवलं.

मी खाली पाहिलं. फोटोतले ओठ मिटलेले होते.

मान वर केली. ती हसत होती, तिरका दात दाखवत, तशीच, खळखळून. पण आवाज मात्र नव्हता.

"सुट-मान, रागावलीस का गं?"

ती वळली आणि वर, गच्चीकडे चढत गेली.