ओलोकुनच्या कापडावरचे मासे

कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटलं तर मीच चाट पडेन. पण आबेओकुटा शहरातल्या अशाबीनं एकदा असा समुद्र रंगवला की, वाळत घातलेल्या कापडातून तीन दिवस खारं पाणी ठिबकत होतं!

समुद्र तिनं पाहिला मात्र नव्हता. साबुकंदाच्या खळीत कोंबडीचं पीस बुडवून ती कापडावर ओलोकुन काढायची – सागराची देवी. देवीला चेहरा द्यायचा नाही, ही रीत. नुसत्या खुणा : लाटा, कवड्या, मासे.

एके दिवशी एपे गावचा कोळी अयिंडे उन्हातून तिच्या छपराखाली शिरला आणि कापडावर वाकला.

“ह्या लाटा होय? मला वाटलं, गोगलगायी चालल्यात.”

“मग पकडा आणि रस्सा करा!”

तो हसला. त्याच्या गालांवर घराण्याची खूण म्हणून तीन-तीन उभ्या रेघा कोरलेल्या होत्या. हसला की त्या हलायच्या. अशाबीनं पाहिलं… जरा जास्तच वेळ पाहिलं.

“लाट जवळ येते… आणि लाजून मागं फिरते,” तो म्हणाला.

“लाट लाजते?”

“एपेची लाजते. आबेओकुटाची भांडते.”

आईसाठी त्यानं तेच कापड सांगून ठेवलं. मग आठ दिवस रोज हजर – लाटा शिकवायला!

कापड निळीच्या रांजणातून निघालं, खळ धुतली गेली, आणि अशाबीची अडुके मावशी किंचाळली, “अगं, माशांच्या गालांवर हे काय?”

प्रत्येक माशाला तीन रेघा! खळीखाली नीळ चढत नाही. आता ते पांढरं पुसायचं कसं?

“सगळा बाजार ओळखेल हे गाल कुणाचे ते. त्याच्या आईनं कापड परत धाडलं, तर तोंड कुठं लपवशील?”

तेवढ्यात अयिंडे आला. वाकून एकेका माशाच्या रेघांवरून बोट फिरवू लागला.

“नको असेल, तर…” ती पुटपुटली.

“मासे आमच्या घरचे दिसतात,” तो हळूच म्हणाला. “आई विचारेल, काढणारी कुठाय?”

“मग काय सांगाल?”

“सांगेन… सोबत आणलीय. – येशील?”

तिनं ओलं कापड तसंच छातीशी धरलं. “आधी लाजणारी लाट दाखव.”

तर अशी बिचारी एका चुकीपायी एपेला आली. भान हरपलं, पीस घसरलं, तिचं तिलाच कळलं नाही…

“खोटं!” इतका वेळ माझी गोष्ट ऐकत पाट्यावर मिरच्या वाटणारी म्हातारी अशाबी कडाडली. “पीस घसरलं म्हणे! चोवीस माशांवर? मोजून काढल्या होत्या मी रेघा!”