मिसरीच्या आधी

एकोणचाळीस बायका, आणि एकोणचाळीस काळीकुट्ट तोंडं!

शालनने विजेरी विझवली आणि कपाळाला हात लावला. एवढ्यासाठी ती पुण्याहून एस.टी.चे हादरे खात चाकणला आली होती? बी.एस्सी. झाल्यावर तिला डॉक्टरांच्या पाहणीत काम मिळालं होतं. भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे आहेत का, ते बघायचं. चट्टा वेळेत सापडला तर पुढचा कॅन्सर टळू शकतो. पण इथलं माणूस इस्पितळात पोचायचं ते वेळ निघून गेल्यावर. आणि आता या काळ्या लेपाखाली चट्टा दिसणार कसा?

"तोंडं स्वच्छ करून या, असा निरोप होता ना?"

"मग? केलीत की," पहिली बाई दुखावून म्हणाली. "दोनदा मिसरी लावली, पुण्याची बाई बघणार म्हणून."

"असं सांगितलं कोणी?"

"मी." शाळेच्या पडवीत खांबाला टेकून एक उंच तरुण उभा होता. गालात तंबाखू, डोळ्यांत हसू. "ज्योतीराम. कांद्याच्या बाजारात मापाडी हाय. आवाज मोठा, म्हणून सरपंचांनी दवंडी माझ्या गळ्यात मारली."

"अहो, मिसरीने कोणी तोंड स्वच्छ करतं का?"

"मग कशानं करत्यात, बाई?"

त्याने अगदी मनापासून विचारलं होतं, हाच तर वैताग! आख्ख्या गावाची तोंडं जन्मभर मिसरीनेच स्वच्छ होत आली होती.

"पुढच्या वेळी न लावता यायला सांगा."

"न्हाई येणार. मिसरीबिगर चारचौघांत जायचं म्हंजे पारोशानं देवळात गेल्यागत." त्याने हनुवटी खाजवली. "तुमीच जावा की त्यांच्या दारात. दिस उगवताना... पयलं बोट तोंडात जायच्या आत."

कल्पना बरोबर होती. ती आपल्याला सुचली नाही, याचा शालनला परतीच्या गाडीत चिंचवडपर्यंत राग येत राहिला.

पुढच्या आठवड्यात ती आदल्या दिवशीच येऊन गावच्या सुईणीकडे, सावित्रीबाईंकडे मुक्कामाला राहिली. पहाटे गल्लीत ज्योतीरामचा आवाज घुमला, "बोटं खाली! बाई आल्या!" तळहातावर मिसरी घेतलेल्या बायका कुरकुरत तोंड उघडू लागल्या. तो दाराबाहेर पाठ करून उभा राहायचा आणि कांदे मापताना मोजतात तसा मोजायचा, "लाभ... दोन... तीन..." बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"आणि तुमचं तोंड कधी दाखवताय?" तिने विचारलं.

"त्येवढं देखणं न्हाई वो."

"ही पाहणी आहे, ज्योतीराम."

"मग पाहताय की... मघाधरनं."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काय हा माणूस! तिने वहीत त्याचं नाव लिहिलं आणि पुढचा रकाना मोकळा सोडला.

पाच आठवडे झाले. चार जणींच्या तोंडात चट्टे सापडले. चौघींना त्यानेच समजावून पुण्याच्या गाडीत बसवलं. त्याचा रकाना मात्र मोकळाच. आज काय तर एकादशी, उद्या काय तर बाजार, परवा म्हणे दाढी केलेली नाही! तोंडात बघायला दाढी कशाला लागते?

मग एका सकाळी सावित्रीबाईंनी दोघांना भाकरी-पिठलं वाढलं. त्याने ठेचा हळूच बाजूला सारला. चहासुद्धा गार करून प्यायला. आणि त्याचा तो आवाज... आज गल्लीच्या टोकालाही पोचला नव्हता. तोंड पुरतं उघडतच नव्हतं. सगळी निरीक्षणं एकाच दिशेला बोट दाखवू लागली, तशी शालनने हातातली भाकरी खाली ठेवली.

"ठेचा का ठेवलात?"

"लई तिखट झालाय."

"पहिल्या वेळी दोनदा मागून घेतला होतात."

त्याने ताट बाजूला सारलं. "आमच्या आबांचं असंच झालतं. गालाला भोक पडंपतुर बोलले न्हाईत... बघितलंच न्हाई, तर नसतंय, बाई."

"नसतं?" शालन ताडकन उठली. "गावभर बायकांना तोंडं उघडायला लावता आणि स्वतः? दोनशे बारा तोंडं बघितली मी! ज्या एका तोंडासाठी दर आठवड्याला ती खिळखिळी गाडी पकडते, तेवढं बंद!"

बोलून गेल्यावर तिलाच ते ऐकू आलं. सावित्रीबाई उगाचच घागर उचलून बाहेर गेल्या.

"म्हंजे... चट्ट्यांसाठी न्हाई येत?"

"चट्ट्यांसाठीच येते!" तिचा आवाज चिरकला. "आणि... आधी आ करा. मग बोला."

तो उठला. खळखळून चूळ भरली, उंबऱ्यातल्या उजेडात येऊन बसला आणि जेमतेम उघडेल तेवढं तोंड उघडलं. शालनने विजेरी लावली. डाव्या गालात, तंबाखू धरायच्या जागी, नखाएवढा पांढरा चट्टा. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं तिने बोटाने हलकेच दाबून पाहिलं. मऊ. कड टणक नाही, रक्त नाही.

"आहे," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलंच नसतं. "पण मऊ आहे. नक्की काय ते डॉक्टर सांगतील. सोमवारी पुण्याला या. मी स्टँडवर असेन... आणि त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, तर तिथेही येईन. ती चंची इकडे द्या."

त्याने तंबाखूची चंची तिच्या तळहातावर ठेवली. हात मात्र तिथेच राहिला.

"ह्येच्याबिगर हात मोकळा मोकळा वाटंल, बाई."

"शालन म्हणा." तिने हात काढून घेतला नाही; दुसऱ्या हाताने कशीबशी वही उघडली आणि पाच आठवड्यांचा मोकळा रकाना भरला.

"दोनशे तेरा झाली न्हवं?"

"लाभ," ती पुटपुटली आणि लगेच वैतागली. "हसताय काय? मिटा आता ते तोंड!"