धुरांड्यातली पिशवी

खोलीत कोळशाची एक शेगडी होती, तीन इस्त्र्या, दोन स्टुलं. इस्त्री झालेल्या चोपन्न पांढऱ्या कॉलरी, न झालेल्या अठरा. एक खिडकी, घट्ट बंद. आणि जमिनीवर, इथे कॉलरी शिवून इस्त्री करणाऱ्या दोघी बहिणींपैकी थोरली, मेलेली.

अंगावर ओरखडाही नव्हता, म्हणून हवालदाराने आरोग्य खात्याच्या तपासनीस बाईंना बोलावलं होतं.

"गाल बघा," त्या म्हणाल्या. "गुलाबी आहेत. कोळशाच्या वायूने असं होतं. त्याला ना वास, ना रंग."

त्यांनी बाही सरसावून धुरांड्याच्या झडपेत हात घातला. चिंध्या ठासून भरलेली जाड कापडाची पिशवी बाहेर आली.

"वरची धोबीण!" हवालदार म्हणाला. "धुराची तक्रार तिचीच होती."

धोबीण दारातच उभी होती. "केली तक्रार! माझ्या चादरी काळ्या होतात. भांडायचं तर मी तोंडावर भांडते. आगगाडीबाई म्हणायचे तिला, तीही हसायची."

बाईंनी पिशवी उलटीपालटी केली. दुहेरी, बारीक टाका. कॉलरींवर होता तसाच. खाली वीतभर नाडी.

"जीव घेणारा माणूस पिशवी परत ओढायला नाडी लावत नाही," त्या म्हणाल्या आणि धाकट्या बहिणीकडे वळल्या. "खिडकी रोज बंद असते?"

"हो. रस्त्याची धूळ कॉलरींवर बसते."

"पिशवी तू शिवलीस?"

"हो."

"का गं?"

"आज दहाला तुम्ही येणार होतात. जास्त धूर दिसला तर घरचं काम बंद, असं नोटिशीत होतं. दुपारी माल द्यायचा होता, शेगडी विझवून कसं चालेल? ताई नको म्हणत होती. मीच म्हटलं, निखारे लाल झालेत, खोलीत फारसा धूर साठणार नाही, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

"मग काढली का नाहीस?"

"कोपऱ्यावर उभी होते. तुम्ही येऊन गेलात की पळत येणार होते. साडेबारापर्यंत उभी होते, बाई. तुम्ही आलाच नाहीत."

बाईंनी डायरी उघडली. आजची भेट त्यांनी कालच गुरुवारवर ढकलली होती. या घरी कळवलं नव्हतं.

"लिहून घ्या," त्या हवालदाराला म्हणाल्या. "खून नाही. दहा ते साडेबारा वायू बंद खोलीत साठत गेला. हिला झोप आल्यासारखं वाटलं असेल. पिशवी धाकटीने घातली. तिला कोपऱ्यावर उभं ठेवलं मी. दोघींची नावं लिहा."

हवालदाराचं पेन थांबलं.

"लिहा."

प्रेत नेल्यावर त्यांनी खिडकी उघडली. धूर सगळ्यात जास्त निघतो तो नवा कोळसा घातल्यावर, म्हणून शेगडीत नवा कोळसा घातला. मग रस्त्यावर जाऊन धूर मोजायचं कार्ड धुरांड्यासमोर धरलं. कार्डावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, शून्य ते पाच छटा होत्या. नियमाने दुसऱ्या छटेपर्यंत परवानगी होती.

धूर पहिल्या छटेचा होता.