थोरलीची बाजू

मऊ भाताचा डबा घेऊन मी केडगावहून दवाखान्यात निघाले, तेव्हा सासूबाई ओट्यावरूनच ओरडल्या, "थोरलीला दावला का भात?"

दाखवला होता. मी दुसरेपणावर दिलेली. वारलेल्या सवतीचा, मनकर्णेचा, तिची मूर्त उठवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात. लुगडं असो की घास, आधी तिला, मग मला. दोन महिन्यांच्या संसारात मी तिच्याशीच जास्त बोलले होते. ह्यांच्याशी बोलावं तर मध्ये सासूबाईंचं अंथरूण.

ह्यांच्या यकृतात गळू झालं होतं. कळा सोसवेनात म्हणून डॉक्टरांनी घाईनं उजवीकडं चिरलं, तर यकृत तिथं नव्हतंच. ह्यांचं जन्मापासून सगळं उलटं. हृदय उजवीकडं, यकृत डावीकडं. मग डावीकडंही चिरावं लागलं.

"बाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

मी मान खाली घातली. नवऱ्याच्या छातीला कान लावायची सवड नव्या नवरीला कोण देतो?

"मनकर्णाला ठावं असंल," सासूबाई पुटपुटल्या होत्या. "कायम त्याच्या उजव्या अंगाला निजायची. आमी हसायचो."

आज पोहोचले तर दोन्ही जखमा चिघळलेल्या, अंग तव्यासारखं. डॉक्टर पट्टी परत झाकून पुढच्या खाटेकडं गेले. भात तसाच राहिला. दिवस कलला. लढाईपायी घासलेट मिळेना, म्हणून साऱ्या वॉर्डाला एकच कंदील, तोही पार दाराशी. फिनेलचा वास घशात बसत होता. मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. उजवीकडं खाट भिंतीला टेकलेली.

ओठ हलले. "मने..."

"मी आहे. पुष्पा."

"तू न्हवं... ती आलीया. सरकून बसू दे तिला..."

भिंतीकडची चादर हळूहळू दबत गेली, कुणी अलगद डोकं टेकवावं तशी. ओल्या शिकेकाईचा वास आला. मी ह्यांचं मनगट धरलं. नाडी लागेना.

ह्यांनी एकदा तरी माझ्या नावानं हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी हे राहायला हवे होते. मी टाक काढला, ह्यांच्या उजव्या छातीवर ठेवला.

"थोरल्या बाई," मी कुजबुजले, "ह्यांना नेऊ नका. हवं तर... तुम्हीच इथं राहा."

चादर सपाट झाली. ह्यांना दरदरून घाम फुटला, आणि उजाडेपर्यंत ताप उतरला.

महिन्याभरानं हे घरी हिंडूफिरू लागले. एका दुपारी सासूबाई बाजाराला गेल्या. हे पडल्या पडल्या म्हणाले, "पुष्पे, ये की हिकडं." लाजत मी उजवीकडं कान लावला. संथ, भरदार ठोके.

"येतंय ऐकू?"

"येतंय."

हसत हसतच त्यांना झोप लागली. एवढं सुख मला कसं पेलावं कळेना. माझा हात सहज त्यांच्या डाव्या छातीवर गेला.

तिथंही ठोका होता. हलका, घाईचा, बाईमाणसाच्या पावलासारखा.

मी कान तिकडं नेला. तो थांबला... दाराआड उभं राहून कुणी श्वास धरावा, तसा.

मी डोकं उचललं. जरा वेळानं, माझ्या तळहाताखाली, तो पुन्हा सुरू झाला.