टोपलीतली सनई

पवनीच्या सुनंदाबाई ढोमण्यांनी टोपलीत पत्रावळी घातल्या, द्रोण घातले, पत्ता सांगितला आणि पैसे देण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर टोपली बंद करून टाकली. जाताना दोनच शब्द ठेवले: "हे थांबवा."

काय थांबवायचं, ते रेवाला कळेना.

प्लास्टिकच्या ताटल्या तेव्हा फक्त संग्रहालयात उरल्या होत्या आणि पंगतीत पुन्हा पळसाची पानं आली होती. रेवाच्या मेघाआत्याचं साकोलीला पत्रावळींचं ऑनलाइन दुकान होतं. त्याची टोपली (सॉफ्टवेअरचा तो भाग, जिथे निवडलेल्या वस्तू पैसे देईपर्यंत जमा होतात) आता पडद्यावर चपटी दिसत नसे. ती गिऱ्हाइकाच्या खोलीत, हवेत, प्रकाशाची बनून उघडे. बांबूची वीण मोजून घ्यावी इतकी खरी. उन्हाळ्याच्या सुटीत या टोपलीची सजावट आत्याने बारा वर्षांच्या रेवाकडे सोपवली होती. ती इतकी देखणी झाली, की जिल्ह्यातल्या सगळ्या पत्रावळी-दुकानांनी ती मागितली. आज संध्याकाळी ती सगळीकडे जाणार होती, खाली रेवाचं नाव घालून. ते नाव किती मोठं असावं यावर सकाळी बराच खल झाला होता, अर्थात रेवाचा रेवाशीच.

सामान बांधणारा यंत्रमानव ठोकळा टोपलीची तपासणीही करी. रेवाने आधी त्याच्यावरच तोंड टाकलं. नीट तपासलं नसशील, म्हणाली. ठोकळ्याने सगळं पुन्हा चालवून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "चूक आढळली नाही."

एवढ्यात आत्या चहाचा कप घेऊन आली. काय करून राहिली, म्हणून तिने विचारलं, सुनंदाबाईंचे ते दोन शब्द वाचले आणि टोपली उघडायला लावली. टोपलीचे तीन थर असतात, हे रेवाला पाठ होतं. पहिला साचा : कुठली गोष्ट कुठे बसेल ते तो ठरवतो. मांडवाचे खांब म्हणा. दुसरी सजावट : रंग, आकार, हालचाल. ही मांडवाची झालर. खांब न हलवता बदलता येते. तिसरी अट : जर असं असेल, तर तसं कर. साच्याला रेवाने हात लावला नव्हता. सजावट सुरेख होती. आत्याने अट वाचली.

जर पत्रावळी शंभराहून जास्त, तर सनई वाजव, अक्षता उधळ.

"शंभराहून जास्त म्हणजे लग्नच ना," रेवा म्हणाली.

आत्याने कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "शंभर पानं अजून कधी उठतात गं आपल्याकडे?"

रेवाने आठवून पाहिलं. बारसं. वास्तुशांत. आणि मागच्या वर्षी, शेजारच्या काकांच्या...

तिचे कान तापले. मान आपोआप खाली गेली. तेरवीची पंगत. तिथेही मांडव असतो आणि तिथेही पळसाच्या पानावरच वाढतात. सुनंदाबाईंच्या बैठकीत, माणसं सांत्वनाला बसलेली असताना, तिच्या टोपलीने सनई वाजवली होती.

"पण ठोकळा म्हणाला चूक नाही," ती पुटपुटली. आपलं आपल्यालाच ते केविलवाणं वाटलं.

"त्याचं खरंच आहे," आत्या म्हणाली. "तू सांगितलंस तेच त्याने तपासलं. यंत्राला पत्रावळींची संख्या कळते, घरात काय झालंय ते कळत नाही. तिथे आपण आपला अंदाज भरतो, आणि तो अंदाज आहे हेच विसरून जातो."

बाकी कुणाला अजून कळलं नव्हतं. अट गुपचूप काढता आली असती. संध्याकाळी नाव झळकलं असतं. रेवाच्या मनात ते येऊन गेलं, आणि आल्याचीही तिला लाज वाटली. तिने आत्याकडे फोन मागितला.

"सुनंदाकाकू, ती सनई मी बसवली होती. चूक माझी आहे. दुकानाची नाही."

पलीकडून एक थकलेला आवाज आला. "त्यांचा फोटो ठेवलाय खुर्चीवर. अक्षता त्याच्यावर पडल्या, बाई. मी उठून पुसायला गेले, तर हाताला काहीच लागेना."

रेवाला रडू फुटलं. सुनंदाबाईंनी ते ऐकलं. त्या रागावल्या नाहीत, जाऊ दे असंही म्हणाल्या नाहीत. पत्रावळी वेळेवर पाठव, माणसं जेवायची आहेत, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

डोळे पुसून रेवा कामाला लागली. आधी तिने टोपलीत एक प्रश्न टाकला : प्रसंग निवडा. लग्न, बारसं, तेरवी. आत्याने तो वाचला आणि मान हलवली.

"म्हणजे त्या बाईने पत्रावळीसाठी 'तेरवी'वर बोट ठेवायचं?"

रेवाने प्रश्न पुसला. बराच वेळ ती नखं खात बसली. मग तिला डिफॉल्ट (कुणी काहीच सांगितलं नाही, तर आपोआप लागू होणारी निवड) आठवलं. डिफॉल्ट असं हवं, की ते कुणाच्याही घरी चाललं पाहिजे. म्हणून तिने टोपली मुकी ठेवली. साधा बांबू, खाली एकच ओळ : सामान उद्या पोचेल. कोपऱ्यात एक छोटी कळ. सजावट हवी असेल त्याने ती दाबावी. आनंद झालेला माणूस कळ शोधून काढतोच. दुःखातल्या माणसाला काहीच शोधायला लागू नये.

दुकानांना तिने स्वतः कळवलं की ठरलेली टोपली आज येणार नाही, तिच्यात माझी चूक होती. का, तेही लिहिलं. लिहिताना कान पुन्हा तापले.

पवनीचं सामान बांधून झाल्यावर ठोकळा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नव्या टोपलीची तपासणी करायची होती. "या वेळी कुठलं घर धरून तपासू?" त्याने विचारलं. आजवर हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता, कारण कुणी त्याला तो शिकवला नव्हता. आज दिवसभर तो ऐकत होता.

"लग्नाचं धर," रेवा म्हणाली. "तेरवीचं धर. आणि मला अजून सुचलं नाही असंही एक धर."

ठोकळ्याने विचारलं, "ते कसं धरायचं?"

"मलाही माहीत नाही," रेवा म्हणाली, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "चल, शोधू."